खाडीतल्या पिल्लांचं पोषण तपासून देणारी सेवा: मोजमाप चोख, निकालपत्र गंडलेलं

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. मोजमापाला पाच, अहवालाच्या पहिल्या पानाला दोन, सरासरी साडेतीन. अशी सरासरी काढून हाती काहीच लागत नाही हेच मला पुढे सांगायचंय, पण ताऱ्यांची रीतच तशी, त्याला काय करणार.

सेवा अशी आहे. खाडीत किंवा नदीमुखात जाळं ओढून मिळालेली माशांची पिल्लं तुम्ही गोठवून पाठवायची आणि त्यांच्या प्रयोगशाळेने सांगायचं, की ही खाऊनपिऊन धडधाकट आहेत की उपाशी. आधी तुमच्याकडे एक खोकं येतं. त्यात कुप्या, लेबलं, हातमोजे, फॉर्म आणि पाठवण्याच्या सूचना असतात. तपासण्या पाच: लांबी-वजनावरून काढलेला स्थिती-गुणांक, शरीरातला कोरडा भाग, साठवणीची चरबी, आरएनए-डीएनए गुणोत्तर आणि कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं त्यांच्याकडे अजून काम चालू आहे, आणि मी लिहितेय त्यातलं बरंचसं अशी सेवा देणाऱ्या कोणालाही लागू पडेल.

माझं काम जाळ्याच्या बाजूचं. खाडीच्या कुठल्या फाट्यात, कुठल्या चिखलपट्टीवर पिल्लं नीट पोसली जातात ते सांगणं. लोकांना वाटतं, जिथे जास्त पिल्लं सापडली ती जागा चांगली. तसं नसतं. बाकी सगळीकडे पाणी बिघडलं म्हणून पिल्लं एका कोपऱ्यात दाटीवाटीने जमलेली असू शकतात, आणि त्या दाटीतच उपाशी असू शकतात. मोजणी करून किती आहेत ते कळतं, कशी आहेत ते कळत नाही. त्यात खाडी म्हणजे कायम बदलणारं पाणी. भरतीला खारं, ओहोटीला गोडसर. अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळायलाच पिल्लाची शक्ती खर्च होते. पाणी तापलं की चयापचय वाढतो, म्हणजे तेवढंच अन्न कमी पडायला लागतं. पहाटे उथळ पाण्यात ऑक्सिजन खाली गेला की खाणंच थांबतं. त्यामुळे दोन फाट्यांत अन्न सारखं असूनही एका ठिकाणची पिल्लं गुटगुटीत आणि दुसऱ्या ठिकाणची काटकुळी, असं सर्रास दिसतं. अन्न किती होतं ते पाण्यात मोजण्यापेक्षा त्यातलं अंगी किती लागलं ते पिल्लातच मोजलेलं बरं. म्हणून ही सेवा घेतली.

सुरुवात लांबी-वजनापासून करते, कारण सगळेच तिथून करतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ घालतात.

स्थिती-गुणांक म्हणजे वजन ग्रॅममध्ये, भागिले लांबीचा घन सेंटिमीटरमध्ये, गुणिले शंभर. थॉमस फुल्टन या स्कॉटिश मत्स्यशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. शंभरेक वर्षं जुना, कागद-पेन्सिलीने निघणारा. मोठ्या माशावर ठीक चालतो. पण तीन सेंटिमीटरच्या पिल्लावर वापरून बघा. गुणांक एक धरला तर वजन येतं ०.२७ ग्रॅम. आता लांबी वाचताना एका मिलिमीटरची गफलत झाली, तीसच्या जागी एकतीस वाचलं, तर घन केल्यावर तो फरक दहा टक्क्यांवर जातो. वजनाचं तर त्याहून वाईट. पिल्लू चिमट्याने उचललं की कल्ल्यांच्या झाकणाखाली पाणी राहतं. डोळ्यांना दिसतही नाही. एक थेंब धरला तरी ०.०५ ग्रॅम, म्हणजे त्या पिल्लाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा! टिपकागदावर आडवं ठेवायचं, कुशीवर उलटवायचं, मग कागदाचं टोक कल्ल्याच्या फटीशी हलकेच लावायचं आणि ओल वर चढते ती थांबेपर्यंत थांबायचं. जास्त दाबलं तर अंगातलं पाणी निघतं, कमी दाबलं तर बाहेरचं राहतं. हे काम करणाऱ्याचा हात बदलला की आकडे बदलतात.

या प्रयोगशाळेचा हात एकसारखा आहे, हे मी तपासून सांगतेय. एकाच ओढीतली पिल्लं दोन वेगळ्या क्रमांकांनी, त्यांना न सांगता पाठवली होती. दोन्ही गटांचे आकडे इतके जवळ आले की मलाच शंका आली, आपल्या युक्तीचा वास लागला की काय यांना. पण प्रत्येक पिल्लाचे सुटे आकडे पाहिले तर ते वेगवेगळे होते, सरासरी आणि पसारा तेवढा जुळत होता. म्हणजे काम खरं केलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी न सांगता केली आणि मी खूश झाले: वजनाआधी पोट रिकामं केलं. बोय माशाची पिल्लं आमच्या जाळ्यात भरपूर येतात, जगभरातल्या खाड्यांत येतात. ती तळावरचं शेवाळ आणि कुजकं खरवडून खातात आणि सोबत वाळूही गिळतात. वाळूने भरलेलं आतडं काट्यावर ठेवलं तर उपाशी पिल्लूही धष्टपुष्ट ठरतं. अहवालात ‘आतड्यासह’ आणि ‘आतड्याशिवाय’ असे दोन रकाने आहेत. हे ज्याला सुचलं त्याने कधीतरी स्वतः चिखलात उभं राहून पिल्लं फाडलेली असणार.

फुल्टनच्या गुणांकात मुळातच एक खोच आहे. मासा वाढताना त्याचं वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणातच वाढतं असं तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात घातांक बरोबर तीन क्वचितच असतो, साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पिल्लांच्या वयात तर अंगाची ठेवणच बदलत असते. त्यामुळे मोठी पिल्लं उगीचच ‘जाड’ आणि लहान ‘बारीक’ दिसतात, किंवा उलट. ले क्रेन याने १९५१ मध्ये पर्च माशांवरच्या कामात यावर उपाय मांडला. त्या जातीचं, त्या पाण्यातलं लांबी-वजनाचं नातं आधी आकडेवारीतून काढायचं आणि मग प्रत्येक मासा आपल्या लांबीला अपेक्षित वजनापेक्षा किती भारी किंवा हलका आहे ते बघायचं. प्रयोगशाळा दोन्ही आकडे देते. पहिला सोडून द्या, दुसरा वाचा.

फॉर्मवर मात्र लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायची की टोकापर्यंत, हे विचारलेलं नाही. प्रयोगशाळा स्वतः टोकापर्यंत मोजते. तुमच्याकडे जुनी नोंद खाचेपर्यंतची असेल तर दोन्ही एका तक्त्यात टाकू नका. आणि ताज्या पिल्लाची लांबी जाळ्यावरच मोजून लिहून ठेवा. गोठवलं की ते आखडतं, अल्कोहोलमध्ये ठेवलं तरी आखडतं.

आता माझी आवडती तपासणी, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही: कोरडा भाग. पिल्लू साठ अंशांवर वाळवायचं, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. ओल्या वजनाच्या किती टक्के उरलं ते लिहायचं. संपलं. यात रंग नाही, किरण नाहीत, अहवालात चित्र काढण्यासारखं काही नाही, म्हणून ती बिचारी तिसऱ्या पानावर कोपऱ्यात आहे.

पण उपाशी माशाच्या अंगात काय होतं ते बघा. चरबी जळते आणि तिच्या जागी पाणी येतं. चरबी घटली की पाण्याचं प्रमाण वाढतं, हे माशांत इतकं पक्कं आहे की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. परिणाम असा, की पिल्लाची शिदोरी संपत आलेली असते तरी त्याचं ओलं वजन फारसं उतरत नाही. लांबी तर कमी होणारच नाही. म्हणजे लांबी-वजनाचा गुणांक सांगतो ‘ठीक आहे’, आणि पिल्लू आतून पाणी भरून टिकून असतं. काटा फसतो, ओव्हन फसत नाही. ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनी पाचही तपासण्यांचा मोह सोडून ही एकच करावी. खरं तर त्यासाठी या सेवेचीही गरज नाही. चांगला काटा आणि तापमान स्थिर राहील असा ओव्हन असला की झालं.

चरबीची तपासणी जास्त नाजूक. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने सगळी स्निग्धद्रव्यं काढून घेतात आणि त्यातले ट्रायग्लिसराइड आणि स्टेरॉल वेगळे मोजतात. ट्रायग्लिसराइड ही साठवण, उपासमारीत ती लवकर खर्ची पडते. स्टेरॉल पेशींच्या पडद्यात बसलेलं, ते सहजी हलत नाही, म्हणून पिल्लाच्या आकाराचा हिशोब त्यावरून धरता येतो. दोहोंचं गुणोत्तर काढलं की लहानमोठ्या पिल्लांची तुलना होऊ शकते. एक ग्रॅम चरबीत ३९ किलोजूलच्या वर ऊर्जा, प्रथिनात साधारण २३-२४, त्यामुळे थोडी चरबी कमीजास्त झाली तरी पिल्लाच्या ऊर्जेच्या हिशोबात मोठा फरक पडतो. मोजणी इथेही चोख. प्रत्येक खेपेबरोबर कोऱ्या नमुन्याचा, म्हणजे पिल्लू न घालता केलेल्या तपासणीचा, आकडा देतात, तो पाहिला की विश्वास बसतो.

अर्थ लावताना मात्र सांभाळा. चरबी कमी म्हणजे उपासमारच, असं नाही. लहान पिल्लाला मोठं होण्याची घाई असते, कारण जितकं लहान तितकं कोणाच्या तरी तोंडात मावणारं. ते मिळालेलं सगळं वाढीत घालतं, साठवत नाही. मग वाईट दिवस जवळ आले, उदाहरणार्थ थंड पाण्याचा ऋतू, की तेच पिल्लू वाढ आवरून साठवायला लागतं. एका ऋतूतली कमी चरबी हे वाढीचं लक्षण असू शकतं आणि दुसऱ्या ऋतूतली तेवढीच चरबी हे संकटाचं. अहवालात ऋतूचा विचार कुठेच नाही. कधीही पाठवा, पट्टी तीच.

नमुन्यांची एक व्यावहारिक अडचण. चरबीसाठीचं पिल्लू अल्कोहोलमध्ये अजिबात ठेवायचं नाही, कारण अल्कोहोल चरबी ओढून घेतं. सूचनापत्रात हे लिहिलंय, पण शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. जाळं ओढून झाल्यावर, गुडघाभर चिखलात, ओल्या हातांनी कोण वाचणार ती ओळ? मी ती मोठ्या अक्षरांत लिहून खोक्याच्या झाकणावर चिकटवली.

आणि लेबलं! छापील, सुंदर, आणि उणे ऐंशी अंशांत गेली की गळून पडणारी. आमच्या चमूत आता नियमच आहे, लेबल काहीही असो, कुपीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकायची. शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. हातमोजे एकाच मापाचे, तेही माझ्या हातात दोन बोटं जास्त मावतील असे. किरकोळ तक्रार वाटेल, पण पुढच्या तपासणीत हातमोज्यांना महत्त्व आहे.

ती तपासणी म्हणजे आरएनए-डीएनए. बिलातला सगळ्यात मोठा आकडा हिचाच, आणि लोक सेवा घेतात तेही बहुधा हिच्यासाठीच. कल्पना सोपी आणि सुंदर आहे. प्रत्येक पेशीत डीएनए ठरावीक असतो, पिल्लू उपाशी असो वा पोटभर जेवलेलं. आरएनए मात्र गरजेप्रमाणे बदलतो, कारण त्यातला बहुतेक भाग प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममधला. अंगात नवीन प्रथिन बनत असेल तर आरएनए चढतो, खाणं बंद झालं की उतरतो. म्हणजे गुणोत्तरावरून पिल्लू अलीकडे वाढत होतं का ते कळतं. नुकत्या फुटलेल्या अळ्यांत हा बदल एक-दोन दिवसांत दिसू लागतो, पिल्लांत जरा सावकाश. मोजायची पद्धतही देखणी: चमकणारा रंग टाकून दोन्हींची मिळून चमक मोजायची, मग आरएनए तोडणारं विकर घालायचं, चमक जेवढी उतरेल तेवढा आरएनए. विकर म्हणजे एन्झाइम. तसलंच विकर आपल्या हाताच्या कातडीवरही असतं, म्हणून हातमोजे हवेत आणि ते बोटाला नीट बसणारे हवेत.

प्रयोगशाळा पाठीच्या पांढऱ्या स्नायूचा तुकडा घेते, दरवेळी एकाच जागेवरचा. हे महत्त्वाचं, कारण यकृताचा आकडा वेगळा आणि स्नायूचा वेगळा. प्रमाण-नमुन्यांचा, म्हणजे ज्यांतलं प्रमाण आधीच माहीत असतं अशा नमुन्यांचा, आलेख जोडतात, त्याचा उतार लिहितात. उतार वेगळा असेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत, आणि तो उतार न देणाऱ्या जागाही मी पाहिल्यात. इथवर पैकीच्या पैकी.

पण या गुणोत्तराला पाण्याचं तापमान लागतं. त्याशिवाय ते अर्धवट आहे. थंड पाण्यात रायबोसोम सावकाश काम करतात, म्हणून तेवढंच प्रथिन बनवायला पिल्लाला जास्त आरएनए बाळगावा लागतो. म्हणजे थंड पाण्यातल्या आणि कोमट पाण्यातल्या दोन पिल्लांचं गुणोत्तर सारखं आलं, तर वाढ सारखी नाही. कोमट पाण्यातलं जास्त वाढतंय. हे काही नवीन ज्ञान नाही, या विषयात ते दशकानुदशकं माहीत आहे. आणि फॉर्मवर तापमानाचा रकानाच नव्हता. तारीख होती, जागा होती, जाळ्याच्या डोळ्याचं मापसुद्धा होतं.

फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र.

“मॅडम, तापमानाची काळजी करू नका. आम्ही सगळे नमुने ठरलेल्या तापमानालाच मोजतो.”

“अहो, तुमच्या खोलीचं नाही विचारत मी. मासा होता त्या पाण्याचं.”

“पण मॅडम, मासा तर गोठवलेला असतो ना?”

मी म्हटलं, तुमच्या वरिष्ठांना द्या. वरिष्ठ बाईंना एका वाक्यात कळलं, आणि त्या म्हणाल्या, “तुम्ही टिपणात लिहून पाठवा, आम्ही हिशोबात घेऊ.” घेतलंही. पण ज्याला विचारायचं माहीत नाही त्याचं काय? त्याला छान रंगीत अहवाल मिळतो आणि त्यातली तुलना चुकीची असते.

कार्बन-नायट्रोजन ही तपासणी थोडक्यात आटोपते. समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, त्यांवरून पिल्लाने काय खाल्लं त्याचा माग लागतो) स्नायू पाठवणार असाल तर हा आकडा जवळजवळ फुकटच मिळतो. चरबीत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नाहीच म्हटलं तरी चालेल, म्हणून गुणोत्तर चढलं की चरबी जास्त. साडेतीनच्या आत असेल तर स्नायूत चरबी अगदीच थोडी. चरबीच्या खऱ्या तपासणीला पर्याय म्हणून चालून जातं, सोबत म्हणून उत्तम.

आता ज्या पानाला दोन तारे दिले त्या पानाकडे वळते.

अहवाल उघडला की पहिल्या पानावर माशाचं चित्र, हिरवं, पिवळं किंवा लाल. खाली एकच शब्द: उत्तम, मध्यम, खराब. पाचही आकडे त्यांच्या साठ्यातल्या नमुन्यांशी ताडून, प्रत्येकाला गुण देऊन, सरासरी काढून हा शब्द येतो. वरिष्ठांना दाखवायला, सभेत पडद्यावर टाकायला अगदी सोयीचं. तिथेच घोटाळा आहे.

माझ्याच दोन खेपा सांगते. एक वरच्या फाट्यातली, एक मुखाजवळच्या चिखलपट्टीवरची, जात एक, आकार जवळपास सारखा. दोन्हींना पिवळा मासा, ‘मध्यम’. आत गेले तर वरच्या फाट्यातल्या पिल्लांत चरबी भरपूर, कोरडा भाग चांगला आणि आरएनए-डीएनए तळाला. चिखलपट्टीवरच्यांचं बरोबर उलटं: चरबी जेमतेम, अंगात पाणी जास्त, आणि आरएनए-डीएनए वर चढलेलं. पहिली पिल्लं काही आठवड्यांपूर्वी मजेत होती, आता त्यांची वाढ थांबलीय. दुसरी आधी हाल काढून आली असणार आणि आता भराभर वाढतायत. एका जागी काहीतरी बिघडत चाललंय आणि दुसऱ्या जागी सुधारतंय. मला नेमकं हेच हवं होतं, आणि सरासरीने नेमकं हेच पुसून टाकलं. उद्या कोणी त्या पिवळ्या चित्राच्या जोरावर दोन्ही जागांना एकच नियम लावला तर?

प्रत्येक तपासणी वेगळ्या काळाकडे बघते. आरएनए गेल्या काही दिवसांकडे, चरबी आणि कोरडा भाग काही आठवड्यांकडे, लांबी-वजन त्याहूनही मागे. त्या एकमेकींशी भांडल्या तर समजायचं, मधल्या काळात काहीतरी बदललं. ते भांडण मिटवून सरासरी काढणं म्हणजे घरातल्या आजोबांना आणि नातवाला मिळून एकच मधल्या वयाचं औषध देणं.

त्याच पानावर तळाला एक वाक्य छापून येतं, ‘या परिसरातील पिल्लांचे पोषण समाधानकारक आहे.’ या परिसरातील! अहो, तुम्ही फक्त जाळ्यात आलेली पिल्लं पाहिलीत. अशक्त पिल्लू सावकाश पोहतं, धोका उशिरा ओळखतं, आणि मोठ्या माशाच्या किंवा बगळ्याच्या पोटात जातं. ते तुमच्या कुपीत येत नाही. उपासमार जितकी तीव्र तितके मागे उरलेले जास्त धडधाकट दिसू शकतात, कारण उरलेले ते निवडून उरलेले असतात. म्हणून पोषण चांगलं आलं आणि त्याच वेळी पिल्लांची संख्या घसरत असेल, तर मी आनंदी होत नाही, उलट काळजीत पडते. प्रयोगशाळेला हे कळण्याचा मार्ग नाही, मान्य. मग ते वाक्य छापू नये.

चांगली बाजू अशी, की सुट्या पिल्लांचे सगळे आकडे एक्सेलच्या दुसऱ्या पानावर येतात. तेच उघडा. सरासरी बघू नका, खालची शेपटी बघा, म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थेतली पिल्लं किती आहेत ते. पन्नास पिल्लांची सरासरी ठीक असते आणि त्यातली दहा मरणाच्या दारात असतात. एक इशारा: फारच लहान पिल्लू असेल तर एकाच जिवावर पाचही तपासण्या होत नाहीत, मांसच पुरत नाही. मग चरबी एका पिल्लाची आणि आरएनए दुसऱ्याचा असतो, पण एक्सेलमध्ये ते एका ओळीत शेजारी बसलेले दिसतात. शेवटच्या रकान्यात तारांकन असतं, ते बघितल्याशिवाय त्या ओळीतले आकडे एकमेकांशी जोडू नका.

ओटोलिथ ही सेवा बघत नाही, हे खटकलं. पिल्लाच्या कानात चुनखडीचा खडा असतो आणि त्यावर रोज एक वलय चढतं. हे जॉर्जिओ पॅनेला याने १९७१ मध्ये दाखवलं. कडेची शेवटची वलयं रुंद की अरुंद, यावरून अलीकडची वाढ दिवसागणिक वाचता येते. तो खडा गोठवल्याने बिघडत नाही, आणि पिल्लू तर त्यांच्या टेबलावर उघडं पडलेलंच असतं. किमान खडे काढून परत पाठवा, एवढं मी सुचवलंय.

“मग हातात धरायचं यंत्र का नाही घेत?” असं मला हमखास विचारतात. सूक्ष्मलहरींवर चालणारे चरबीमापक आहेत, अंगातून हलका विद्युतप्रवाह सोडून रोध मोजणारीही यंत्रं आहेत. मासा जिवंत सोडता येतो हा त्यांचा मोठा गुण, आणि हातभर माशासाठी मी तीच घेईन. पण चरबीमापकाचं डोकंच तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला झाकून टाकतं, आणि रोध मोजायला अंगात सुया टोचाव्या लागतात. एवढ्याशा जिवाला चार सुया टोचून सोडून देणं याला मी जिवंत सोडणं म्हणत नाही. वर माशाच्या अंगाचं तापमान बदललं की रोधही बदलतो. पिल्लांसाठी सध्या तरी प्रयोगशाळाच, आणि त्यासाठी पिल्लं मारावी लागतात. म्हणून लागतील तेवढीच घ्या, आणि घेतलेल्या प्रत्येकातून निघेल तेवढं सगळं काढा.

सेवा घ्यायचीच असेल तर वर्षातून एकदा मोठी खेप पाठवण्यापेक्षा त्याच जागांवरून, शक्यतो भरतीच्या त्याच टप्प्यावर, लहान-लहान खेपा पाठवा. आकाराचा पट्टा अरुंद ठेवा. पहिल्या खेपेत आपली गुप्त जोडी घाला, मी घातली तशी. पोस्टाने येणारं छापील पान सभेला नेऊ नका, नेलंच तर दुसऱ्या पानासकट न्या.

ताजी बातमी: परवा नवीन खोकं आलं. हातमोजे दोन मापांत आलेत, आणि फॉर्मवर तापमानाचा रकाना आलाय. एकच चौकोन, एका आकड्याचा. आमच्या उथळ चिखलपट्टीवर दुपारच्या ओहोटीला आणि रात्रीच्या भरतीला पाणी इतकं वेगळं असतं, की त्या चौकोनात काय लिहायचं ते मला ठरवता येईना. मी तिथे ‘सोबतची फाइल पाहा’ असं लिहिलं आणि तापमान-नोंदणी यंत्राची अख्खी नोंद जोडून दिली. बघू, त्या नम्र मुलाचा फोन येतो का.